अमोनिया पेशीत शिरतो कसा? आणि पिशवी उघडल्यावरच मासे का मेले?

मंजिरी_एम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेले दहा दिवस आमच्या घरात 'अमोनिया' हा शब्द इतक्यांदा उच्चारला जातोय की पोळ्यांच्या मावशींनी काल विचारलं, "ताई, ही अमोनिया कोण? आजारी आहे का?"

त्याचं असं झालं. बाबांना (वय ७४) लिव्हर सिरॉसिस आहे. गेल्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून त्यांचा एक चेक परत आला. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, सही म्हणजे मोत्याचे दाणे. आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका सकाळी त्यांनी मला तीनदा 'कुसुम' म्हणून हाक मारली. कुसुम म्हणजे माझी आत्या, तिला जाऊन नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी त्यांना हात पुढे करून पंजे वर उचलायला लावले, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे पाखरासारखे फडफडायला लागले. लिव्हरमुळे रक्तात अमोनिया वाढलाय, त्यानेच हे होतंय म्हणाले आणि लॅक्ट्युलोजचं गोडमिट्ट औषध सुरू केलं.

त्याच आठवड्यात लेकाचे (दहावी) सहा मासे कुरिअरने आले. दीड दिवस पिशवीत होते तरी सगळे टुणटुणीत. दमले असतील म्हणून याने पिशवी उघडून त्यातच हवेची नळी सोडली. तासाभरात चार मेले. दुकानदार फोनवर म्हणाला, "अमोनिया झाला असेल." अहो, पण तो तर पिशवीत आधीपासूनच होता ना!

प्रश्न दोन. शाळेत शिकलो की अमोनिया हा छोटासा वायू, पेशीच्या पटलातून आपोआप आरपार जातो. लेकाने कुठेतरी वाचलं की त्याला नेण्यासाठी खास प्रथिनं असतात. आपोआप जातो तर दरवाजे कशाला? आणि जो अमोनिया पिशवीत दीड दिवस गुण्यागोविंदाने राहिला तो उघडल्यावर खुनी कसा झाला?

टवाळ_पोपट

कुठल्याही एसटी स्टँडच्या मुतारीत दोन मिनिटं उभे राहा. अमोनिया कसा शिरतो ते पेशीपेशीला कळेल.

(बाबांना लवकर बरं वाटो. मासे... असो.)

रसायनरश्मी

मंजिरीताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे आणि पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पाण्यात अमोनिया एकटा नसतो. तो एक प्रोटॉन (धनभाराचा बारीक कण) उचलून अमोनियम होतो, सोडून देऊन पुन्हा अमोनिया होतो. मोकळा अमोनिया म्हणजे बिनभाराचा, अमोनियम म्हणजे धनभार असलेला. कोण किती, ते पीएच ठरवतो, म्हणजे पाणी किती आंबट याचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट. साधारण ९.२५ पीएचला दोघे निम्मे-निम्मे. तिथून पीएच एकने उतरला की मोकळ्याचं अमोनियमशी असलेलं प्रमाण दहापट घटतं. रक्ताच्या ७.४ ला शंभरातले ९८-९९ अमोनियमच असतात.

आता पिशवी. दीड दिवस मासे श्वास घेत होते, कार्बन डायॉक्साइड साठला, पाणी आंबट झालं. पीएच ६.५ धरा. हजारात जेमतेम दोन मोकळे, बाकी सगळं अमोनियम, आणि ते कल्ल्यातून सहज आत घुसत नाही. तुमच्या लेकाने पिशवी उघडून हवा सोडली, कार्बन डायॉक्साइड उडाला, पीएच चढला. ८ ला गेला असेल तर हजारात पन्नासच्या वर मोकळे. म्हणजे एकूण अमोनिया तेवढाच, पण विषारी भाग पंचवीस-तीस पट. हवेची नळी सोडली नसती तर कदाचित वाचले असते. त्याला रागावू नका, प्रेमानेच केलंय पोराने.

मंजिरी_एम

बाप रे. रागावून झालं होतं. आता त्याला भेळ खायला घालते.

शुद्धमती

धाग्यात 'पटल' लिहिलंय ते योग्य. पण पुढे कुणी 'पेशीभित्तिका' लिहिण्याआधी सांगते: भित्तिका म्हणजे वनस्पतींच्या पेशींचं बाहेरचं जाड कुंपण. पटल म्हणजे आतलं तेलकट पापुद्र्यासारखं आवरण, सगळ्या सजीवांत असतं. दोन्ही एक नव्हेत.

टवाळ_पोपट

मॅडम आल्या. आता धागा शंभरी गाठणार.

डॉ_निवांत

लॅक्ट्युलोजबद्दल थोडं. ही साखर आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यापर्यंत तशीच जाते. तिथले जिवाणू ती आंबवून आम्ल तयार करतात आणि आतड्यातला पीएच उतरतो. रश्मीताईंनी वर सांगितलं तेच: मोकळा अमोनिया प्रोटॉन उचलून अमोनियम होतो, तो आतड्याच्या अस्तरातून रक्तात परतायला अवघड, शौचावाटे बाहेर. म्हणजे बाबांच्या पोटात आपण मुद्दाम ती बंद पिशवी तयार करतो. पोट साफ होतं हा त्याच औषधाचा दुसरा फायदा. दिवसाला दोन-तीन मऊसर शौच हे साधारण लक्ष्य. जास्त झाली तर पाणी आणि पोटॅशियम घटतं, आणि पोटॅशियम घटलं की मूत्रपिंड उलट जास्त अमोनिया बनवतं. त्यामुळे 'दोन चमचे जास्त दिले तर लवकर उतरेल' असं करू नका. मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

रोज सकाळी एका वहीत त्यांची सही घ्या. रक्तातल्या आकड्यापेक्षा सही बरंच काही सांगते. आकडा आणि गुंगी यांचा मेळ दरवेळी बसत नाही.

नारायण_नकार

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिलाच. मोकळा अमोनिया आपोआप जातो, अमोनियम जात नाही, इथे विषय संपला. प्रथिनं-बिथिनं हे शोधनिबंध खपवायचे धंदे. निसर्ग असा उधळ्या नाही. दार उघडं असलेल्या वाड्याला कुणी कुलूप लावतं का?

ग्लासगोचा_गारठा

नारायणराव, तुमच्यासारखंच बहुतेकांना वाटायचं. १९९० च्या दशकात त्याला तडे गेले. मी प्रयोगशाळेत यीस्टवर काम करतो, म्हणून यीस्टपासूनच सुरुवात करतो.

यीस्टमध्ये अमोनियम आत घेणारी तीन प्रथिनं आहेत, एमईपी-१, २ आणि ३. पहिल्याचं जनुक १९९४ साली ब्रुसेल्सच्या मंडळींनी शोधलं. त्याच वर्षी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यातही तसलंच एक, एएमटी-१, सापडलं. पुढे तिन्ही जनुकं काढून टाकलेलं यीस्ट बनवलं. खायला नायट्रोजन म्हणून फक्त अमोनियम, तेही थोडंसं, म्हणजे लिटरमागे ५ मिलिमोलपेक्षा कमी ठेवलं, तर हे यीस्ट वाढतच नाही. अमोनियम भरपूर दिलं तर मात्र वाढतं.

यातच तुमचं उत्तर आहे. गळती असते. जेवणावळीत पंगत भरपूर असेल तर गळतीवर भागतं. दुष्काळात भागत नाही. मातीत, तळ्यात, नदीत बहुतेक वेळा दुष्काळच असतो.

आणि सगळी पटलं गळकी असतात हेही खरं नाही. १९९४ सालीच जठरातल्या ग्रंथींच्या पेशींवर काम झालं. त्यांच्या जठराच्या पोकळीकडच्या पटलातून मोकळा अमोनियासुद्धा जात नव्हता. 'वायू कुठल्याही पटलातून जातो' हे पाठ्यपुस्तकी वाक्य तिथेच लंगडं पडलं.

नारायण_नकार

यीस्टचं मान्य. पण दरवाजा असेल तर अमोनियमसाठी हवा ना? अडकतो तो अमोनियम. मग तुम्ही लोक 'अमोनियाचा मार्ग' का म्हणता? नक्की आत कोण जातं?

ग्लासगोचा_गारठा

हा खरा प्रश्न, आणि यावर वीस वर्षं भांडणं झाली. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

२००४ साली ई. कोलाय या जिवाणूच्या, एमईपी-एएमटीच्याच घराण्यातल्या, एएमटीबी प्रथिनाची रचना स्फटिकावर क्ष-किरण टाकून उलगडली. १.३५ अँगस्ट्रॉम इतकी बारीक, जवळपास अणू न् अणू दिसतो अशी. प्रथिन तीन जुळ्या भागांचं, तिवईसारखं एकत्र उभं. पण वाट मधोमध नाही, तिघांच्या पोटात प्रत्येकी एक. प्रत्येक भाग पटलातून अकरा वेळा वरखाली विणलेला.

वाट कशी आहे ते सांगतो. बाहेरच्या तोंडाशी एक छोटा ओटा. तिथे ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लाचं (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या विटा) सपाट कडं आहे, त्याच्याशी धनभाराचं बरं जमतं, म्हणून अमोनियम तिथे येऊन टेकतो. पुढे दोन फिनाइलअ‍ॅलनिन एकावर एक, दाराच्या झडपांसारखी. त्यांच्या पलीकडे सुमारे २० अँगस्ट्रॉमचा, म्हणजे २ नॅनोमीटरचा बोळ. भिंती तेलकट, पाण्याला नावडत्या. भार घेऊन इथून जाणं म्हणजे सोवळ्यात नसताना देवघरात शिरणं. आणि बोळाच्या मध्यावर दोन हिस्टिडीन (हीही अमिनो आम्लंच), क्रमांक १६८ आणि ३१८, एकमेकांना धरून उभे.

म्हणून २००४ चं मत असं: अमोनियम देवळाच्या दाराशी येतो, चप्पल, म्हणजे प्रोटॉन, बाहेर काढतो, अनवाणी अमोनिया होऊन बोळातून जातो, आत पोचला की तिथली दुसरी चप्पल घालून पुन्हा अमोनियम होतो. दारात उभा अमोनियम, बोळातून गेला तो अमोनिया. त्यामुळे 'कोण जातं' याचं उत्तर तुम्ही कुठे उभे राहून बघताय त्यावर.

पाण्याचा रेणू आणि पोटॅशियम या बोळातून जात नाहीत. पोटॅशियम आकाराने अगदी अमोनियमसारखा, पण त्याला काढायला चप्पलच नाही.

टवाळ_पोपट

देवळाबाहेर ठेवलेली चप्पल परत मिळते हे गृहीतकच मुळात अवैज्ञानिक आहे.

विदर्भाचा_सोयाबीनवाला

वाशीमकडून रामराम. भाऊ, चप्पल लय आवडली. आमच्याकडचं सांगतो.

सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं की मी एक झाड मुळासकट उपटून गाठी फोडून बघतो. आतून गुलाबी, ताज्या मटणासारखी दिसली तर नायट्रोजनचं काम चालू. हिरवट-राखाडी निघाली तर गाठी नुसत्या शोभेला. कृषी विद्यापीठाच्या शिबिरात एका मॅडमनी सांगितलं होतं की गाठीतले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात अन् झाडाला देतात. मी विचारलं, देतात म्हणजे? उचलून देतात का? मॅडम हसल्या, पण उत्तर द्यायचं राहिलं. ते उत्तर इथं मिळंल का?

दुसरं, युरिया. आमची माती काळी, पीएच आठच्या आसपास. कोरड्या जमिनीवर युरिया फेकून पाऊस आला नाही तर दोन दिवसांनी वावरात नाकाला झोंबतं. ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नायट्रोजन. त्यातला किती हवेत गेला ते नाकच सांगतं. हे पण पिशवीसारखंच ना?

रसायनरश्मी

अगदी तेच, भाऊ. युरिएज विकर युरिया फोडतं, त्या दाण्याभोवती पीएच आणखी चढतो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि उडतो. मातीआड केला किंवा हलकं पाणी दिलं तर खाली जाऊन अमोनियम बनून चिकणमातीला धरून राहतो.

ग्लासगोचा_गारठा

सोयाबीनवाले भाऊ, तुमच्या मॅडमच्या जागी मी उत्तर देतो.

गाठीत जिवाणू झाडाच्याच पेशीत, झाडाच्याच पटलाच्या पिशवीत राहतात. जिवाणू अमोनिया बनवतात आणि तो त्यांच्यातून बाहेर झिरपतो. बाहेरची ती पिशवी आतून आंबट असते, तिथे त्याचा अमोनियम होतो, म्हणजे परत जिवाणूत शिरायची पंचाईत. शिवाय एरवी अमोनियम आत ओढणारं आपलं एएमटीबी जिवाणू गाठीत बंद ठेवतात. सावकाराने वसुलीच बंद केली म्हणा. आणि पिशवीच्या पटलात सोयाबीनचं स्वतःचं एक प्रथिन खच्चून भरलेलं असतं, नॉड्युलिन-२६. ते खरं पाण्याचे मार्ग असणाऱ्या कुळातलं, ॲक्वापोरिनचं भावंड, पण त्यातून अमोनियाही जातो. तर उचलून कुणी देत नाही. एकाने दार ओढून घेतलंय, दुसऱ्याने उघडं टाकलंय.

विदर्भाचा_सोयाबीनवाला

म्हणजे आमच्या शेजारच्यासारखं. बांध त्यानं कोरला, पाणी आपोआप तिकडं.

कोकणची_पेज

आमच्या भातखाचरात पाणी उभं असतं, चिखलात प्राणवायू नाही, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही. भात आयुष्यभर अमोनियमवरच जगतं म्हणायचं. मग गव्हाला जास्त अमोनियम दिलं तर तो का पिवळा पडतो? भातालाच कसं सोसतं?

ग्लासगोचा_गारठा

गव्हाचं मला पक्कं ठाऊक नाही, पण बार्लीवर २००१ साली झालेलं काम प्रसिद्ध आहे. बार्लीच्या मुळांना अमोनियम जास्त झालं तर ते आत येणं थांबवता येत नाही, मग ती ऊर्जा खर्चून ते बाहेर उपसत बसतात. आत येतं, बाहेर फेकतात, पुन्हा येतं. तळ फुटलेल्या होडीतून पाणी उपसल्यासारखं. भाताला ही उपसाउपशी करावी लागत नाही. हेच दार बंद करता येण्याचं महत्त्व. अरॅबिडॉप्सिसच्या एएमटी-१ मध्ये तिघा भागांपैकी एकाचं शेपूट सरकलं की तिन्ही वाटा बंद होतात. ई. कोलायमध्ये तर चक्क बूच आहे: नायट्रोजन मुबलक झाला की जीएलएन-के नावाचं छोटं प्रथिन आतल्या बाजूने येऊन तिन्ही तोंडांत आपली बोटं खुपसून बसतं. २००७ साली हे बूच लागलेल्या अवस्थेतली रचनाही उलगडली.

सांताक्रूझची_सानिका

मी मुख्यतः वाचनमात्र असते, पण माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे आणि बाळाच्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन घेतलंय, म्हणून विचारते. ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं आरएच म्हणजेसुद्धा अमोनियाचंच काहीतरी असतं असं एका व्हिडिओत पाहिलं. खरं आहे की व्हॉट्सॲप विद्यापीठ?

डॉ_निवांत

खरं आहे, आणि मला हा या विषयातला सगळ्यात सुरस भाग वाटतो. आरएच गट १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्ताच्या प्रयोगांतून समोर आणला, नाव माकडावरून. पुढची पन्नास-साठ वर्षं रक्तपेढ्या रोज आरएच तपासत होत्या आणि ही प्रथिनं तांबड्या पेशीवर नक्की करतात काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग १९९७ मध्ये यीस्टवाल्यांच्या लक्षात आलं की त्यांचं एमईपी आणि आपलं आरएच एकाच घराण्यातले दिसतात. २००० साली त्यांनी माणसाचं, याच आरएच कुळातलं आरएचएजी प्रथिन वर सांगितलेल्या त्या तीन जनुकं गमावलेल्या यीस्टमध्ये घातलं, आणि ते उपाशी यीस्ट अमोनियमवर वाढायला लागलं! माणसाच्या रक्तातलं दार यीस्टला बसलं.

पण सानिकाताई, घाबरू नका. तुमच्यात नाही ते 'डी' प्रथिन. डी त्याच कुळातलं असलं तरी त्याच्याकडे ते दोन हिस्टिडीन राहिलेले नाहीत, अमोनिया ते नेतच नाही. नेतं ते आरएचएजी, आणि ते तुमच्याकडे आहेच. भारतात साधारण पाच टक्के लोक आरएच निगेटिव्ह, युरोपात पंधराच्या आसपास. सगळे मजेत आहेत. आरएच कुळातलं तांबड्या पेशीवर काहीच नसलेली माणसं मात्र जगात अगदी मोजकी. त्यांच्या तांबड्या पेशी तोंड उघडं टाकल्यासारख्या दिसतात आणि लवकर फुटतात, थोडा ॲनिमिया राहतो.

परळकर_जुने

रक्तगटाचा विषय निघाला आणि बॉम्बे ब्लड ग्रुप कुणी काढला नाही? १९५२ साली आमच्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधला. अमोनियाशी संबंध नाही, कळतंय, पण अभिमान वाटतो तर लिहितो. त्यात एच नावाचा साखरेचा तुरा नसतो, म्हणून तपासणीत ओ वाटतो पण ओ रक्त चालत नाही.

शुद्धमती

अवांतर असलं तरी माहिती अचूक. आणि वर 'अनीमिया' न लिहिता 'ॲनिमिया' लिहिल्याबद्दल डॉक्टरांचं अभिनंदन.

लोणारी_मिठागर

बुलढाण्याहून. आमच्या लोणार सरोवराचं पाणी दहाच्या आसपास पीएचचं. रश्मीताईंच्या हिशेबाने तिथे बहुतेक सगळा मोकळाच अमोनिया असणार. मासा टाकला तर?

रसायनरश्मी

पीएच १० ला शंभरात ८५ मोकळा. टाकू नका.

ग्लासगोचा_गारठा

तसल्या पाण्यात राहणारा मासा आहे मात्र! केनियात मगाडी नावाचं सोड्याचं तळं आहे, पीएच दहाच्याच आसपास. तिथला छोटा तिलापिया अमोनिया बाहेर टाकूच शकत नाही. त्याने सरळ धंदा बदलला, तो आपल्यासारखा युरिया बनवून टाकतो. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं. एरवी पाण्यातले बहुतेक हाडांचे मासे अमोनियाच टाकतात.

टवाळ_पोपट

म्हणजे गोणीवाल्यांना स्पर्धा.

डास मलाच का चावतात ते पण सांगा कुणीतरी. बायको म्हणते अमोनिया.

डॉ_निवांत

वहिनी बऱ्याच अंशी बरोबर आहेत. घामातला अमोनिया डासांना खुणावणाऱ्या वासांपैकी एक आहे. फळमाशीत तर असं दिसलंय की शिंगांतल्या वास घेणाऱ्या जागी अमोनियमवाहक एएमटी नसेल तर तिला अमोनियाचा वासच येत नाही. उपाय: आंघोळ.

नारायण_नकार

मंडळी भरकटली. मी चप्पलवरच अडलोय. गारठासाहेब, अमोनियम चप्पल बाहेर ठेवून गेला तर भार बाहेरच राहिला. मग पटलाच्या दोन बाजूंमध्ये विजेचा फरक पडायला नको. पण मी शोधलं, तर वनस्पतींच्या एएमटीमधून वीज मोजलीय लोकांनी! म्हणजे भार आत गेलाच. मग देऊळ, ओटा, अनवाणी, सगळं कीर्तन खोटं?

ग्लासगोचा_गारठा

शाब्बास, नारायणराव. मघाशी 'वीस वर्षं भांडणं' म्हटलं ते हेच. २००४ च्या रचनेकडे बघून लोक म्हणाले, फक्त वायू जातो. वीज मोजणारे म्हणाले, तुमचं चित्र सुंदर आहे पण आमचा काटा हलतोय. आणि जिवाणूचं एएमटीबीसुद्धा काटा हलवतं हे नंतर दिसलं.

२०२० साली इथल्याच स्ट्रॅथक्लाइडच्या आणि शेजारच्या डंडीच्या मंडळींनी त्यातून वाट काढली. अमोनियम चप्पल काढतो हे खरंच. पण चप्पल बाहेर राहत नाही. अनवाणी अमोनिया तेलकट बोळातून जातो आणि प्रोटॉन त्याच प्रथिनातल्या वेगळ्या वाटेने, पाण्याच्या रेणूंच्या साखळीवरून हातोहात आत पोचतो. आत दोघं पुन्हा भेटतात. म्हणजे माणूस गाभाऱ्यातून, चप्पल बाजूच्या खिडकीतून. हिशेबाला भार आत गेला आणि पोटॅशियम बाहेरच राहिला. हिस्टिडीन बदलून टाकले तर या दाराला निवड करता येईना, पोटॅशियमही घुसायला लागला.

आपल्या मूत्रपिंडातलं आणि माशांच्या कल्ल्यातलं, आरएच कुळातलंच आरएचसीजी मात्र साधारण जुन्या कीर्तनाप्रमाणे चालतं: अमोनिया जातो, चप्पल ठेवतो तिथेच राहते. २००८ साली उंदरांतून आरएचसीजी काढलं तर त्यांच्या लघवीत अमोनियम कमी जाऊ लागलं, शरीरातलं आम्ल बाहेर टाकणं त्यांना जड गेलं. नरांची प्रजननक्षमताही घटली.

नारायण_नकार

मान्य. (हा माझा या संस्थळावरचा पहिला 'मान्य'. खूण करून ठेवा.)

टवाळ_पोपट

दुसरा. यीस्टच्या वेळीही 'मान्य' म्हणाला होतात.

मंजिरी_एम

दोन दिवस दवाखान्याच्या फेऱ्यांत होते, आज सगळं सलग वाचलं. लेकाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: कल्ल्यात दार आहेच आणि मासा त्यातून अमोनिया बाहेर टाकतो, तर पिशवीतला अमोनिया आत कसा आला? दार उलटं फिरलं का?

ग्लासगोचा_गारठा

त्याला सांगा, प्रश्न माझ्यापेक्षा चांगला मांडलास. आरएचचं दार फिरत नाही, त्याला दोन्ही बाजू सारख्याच. तो पंप नाही, नुसती वाट. जिकडे मोकळा अमोनिया जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला. नेहमी रक्तात जास्त, पाण्यात कमी, म्हणून बाहेर. शिवाय कल्ला आपल्याला चिकटलेला पाण्याचा पातळ थर कार्बन डायॉक्साइड आणि आम्लाने आंबट ठेवतो, त्यामुळे बाहेर पडलेल्याचा लगेच अमोनियम होतो आणि परतायची वाट खुंटते. बंद पिशवीत सगळंच पाणी आंबट होतं, त्यामुळे ठीक चाललं होतं. उघडल्यावर बाहेर मोकळा अमोनिया रक्तापेक्षा जास्त झाला, आणि जी वाट मासा कचरा टाकायला वापरत होता तिथूनच कचरा घरात आला.

मंजिरी_एम

वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग टाकीच्या पाण्याचा पीएच मोजला, ७.८ आला, बोअरचं पाणी आहे आमचं. पुढच्या वेळी बंद पिशवीच टाकीत तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की उघडून लगेच जाळीने मासे टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत, असं त्याने कागदावर लिहून टाकीवर चिकटवलंय. उरलेले दोन मासे ठीक आहेत.

बाबा बरे आहेत. सहीची वही केली. पहिल्या तीन दिवसांच्या सह्या पावसात भिजल्यासारख्या, पाचव्या दिवशी आडनावाची वेलांटी परत आली. काल त्यांनी मला मंजू म्हटलं आणि लगेच विचारलं, "तो चेक परत का आला होता गं?"

विदर्भाचा_सोयाबीनवाला

बाबांना आमचा नमस्कार सांगा ताई. इकडं कालपासून झड लागलीय. परवा सात रोपं उपटून गाठी फोडल्या, पाच गुलाबी निघाल्या. फोटो चढत नाहीये, रेंज नाही.